चार यंत्रं नदीत: लव्हजॉय भावांच्या मागावर पाच दिवस

गुलामगिरीविरुद्ध लिहिणारे अमेरिकन संपादक म्हटले की गॅरिसन आणि फ्रेडरिक डग्लस ही नावं आधी येतात. एलायजा पॅरिश लव्हजॉयचं नाव मागे पडतं. ७ नोव्हेंबर १८३७ च्या रात्री, पस्तिसावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, इलिनॉयमधल्या आल्टन गावात छपाईचं यंत्र राखताना जमावाने त्याला गोळ्या घातल्या. त्याआधी त्याची तीन यंत्रं फोडली गेली होती, चौथं त्याच रात्री फुटलं. त्याच्यामागे उरली आजारी बायको, दीड वर्षाचा मुलगा आणि भाऊ. त्यातला ओवेन पुढे काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, गेला आणि लिंकनचा मित्र झाला.

या कुटुंबाच्या खुणा पाहायला पाच दिवस पुरतात. मात्र आधीच सांगून ठेवायला हवं, की संपादकाच्या जागा बहुतेक सगळ्या नाहीशा झाल्या आहेत. कचेरी नाही, वखार नाही, घर नाही. उरलं आहे ते धाकट्या भावाचं घर. त्यामुळे पहिले तीन दिवस रिकाम्या जागा वाचायच्या आणि पाचव्या दिवशी एका भरल्या घरात शिरायचं, असा हा प्रवास आहे. उलट क्रमाने केला तर त्याची सगळी रंगत जाते.

निघण्यापूर्वीच्या काही गोष्टी. सेंट लुइसला उतरून शिकागोहून परतणं सोयीचं. भाड्याची गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्यात सोडली तर वेगळा आकार पडतो, तो आरक्षण करतानाच विचारून घ्यावा. गाडी चालवायची नसेल तर शिकागो ते सेंट लुइस रेल्वे आल्टनला थांबते, आणि शिकागोहून पश्चिमेला जाणाऱ्या गाड्या प्रिन्स्टनला थांबतात. पण आल्टन ते प्रिन्स्टन सरळ गाडी नाही, शिकागोला जाऊन उलटं यावं लागतं. मे ते सप्टेंबर हा काळ बरा, कारण ओवेनचं घर हिवाळ्यात बंद असतं आणि मोसमातही आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं. पुण्यतिथी गाठायची म्हणून नोव्हेंबरात जाणाऱ्यांना आल्टन मिळतं, पण प्रिन्स्टनला कुलूप लागलेलं असतं. आधी त्या घराचे वार आणि वेळा पक्क्या कराव्यात आणि मागचे चार दिवस त्याला जुळवावेत.

नकाशावरच्या नावांचाही घोळ आहे. नुसतं ‘लव्हजॉय’ टाकलं तर जॉर्जिया राज्यातलं गाव पुढे येतं. ‘प्रिन्स्टन’ टाकलं तर न्यू जर्सीतलं विद्यापीठाचं गाव. गंमत अशी की एलायजा खरोखरच न्यू जर्सीच्या प्रिन्स्टनमध्ये धर्मशिक्षण घेत होता, आणि ओवेन राहिला इलिनॉयच्या प्रिन्स्टनमध्ये. राज्याचं नाव टाकल्याशिवाय काहीही शोधू नये.

कुटुंब मूळचं मेन राज्यातल्या आल्बियनचं. वडील डॅनियल पाद्री, आई एलिझाबेथ, मुलं नऊ. त्यात एलायजा थोरला, जन्म ९ नोव्हेंबर १८०२. वॉटरव्हिल कॉलेजातून, म्हणजे आजच्या कोल्बी कॉलेजातून, तो १८२६ मध्ये वर्गात पहिला आला, आणि पुढच्या वर्षी पश्चिमेकडे निघाला. पैसे पुरेनात म्हणून न्यू यॉर्कमध्ये एका वर्तमानपत्राचे वर्गणीदार गोळा करत हिंडला. कोल्बी कॉलेज १९५२ पासून त्याच्या नावाने धैर्यवान पत्रकाराला पुरस्कार देतं. मेन इथून फार दूर आहे. बॉस्टनला जाणं होणार असेल तरच ते दोन दिवस वेगळे काढावेत.

पहिला दिवस: सेंट लुइस

सकाळी थेट नदीवर जावं. आज जिथे ती प्रचंड पोलादी कमान आणि हिरवळ आहे, तिथे लव्हजॉयच्या काळचं गाव होतं: धक्का, वखारी, दुकानं, छापखाने. १९३९ नंतर जवळजवळ चाळीस चौक पाडून ही जागा मोकळी केली गेली. त्याच्या ‘ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिकाची कचेरी शोधायला निघालेल्यांच्या हाती गवत लागतं ते यामुळे.

त्या काळातली एक इमारत मात्र कमानीच्या पायथ्याशीच उभी आहे. ती म्हणजे १८३४ चं जुनं कॅथलिक कॅथेड्रल. लव्हजॉय कडवा प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंट, होता आणि कॅथलिकांवर त्याने भरपूर आग पाखडली. या चर्चच्या उद्‌घाटन सोहळ्यावरही त्याने पत्रात टीका केली होती. त्याच्याबद्दल लिहिताना ही बाजू गाळायची पद्धत आहे, गाळू नये. गावात त्याला शत्रू झाले ते एकट्या गुलामगिरीमुळे नव्हेत. आणि त्याने झोडपलेली इमारतच तेवढी टिकावी, हा योगायोग कमानीकडे तोंड करून चर्चच्या पायरीवर बसल्यावर चांगला कळतो.

इथेच बसून छापखान्याचा हिशेब डोक्यात नीट बसवून घ्यावा, म्हणजे पुढे आल्टनमध्ये नक्की काय बुडालं ते समजतं. त्या वेळचं यंत्र म्हणजे ओतीव लोखंडाची चौकट. खाली फर्मा, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांची (धातूच्या सुट्या अक्षरांची) चौकट, ठेवायची सपाट बैठक, वरून दाब देणारा जाड पाट आणि ओढायचा दांडा. एकजण खिळ्यांना शाई लावतो, दुसरा कागद घालून दांडा ओढतो. दोघे सराईत असले तर तासाला दोनशे ते अडीचशे कागद निघतात, तेही एका बाजूने. चार पानी साप्ताहिकाच्या हजार प्रती काढायच्या तर दोन हजार दाब, म्हणजे पुरे आठ ते दहा तास. आणि हे खिळे जुळवून झाल्यावर. यंत्र नवं आणता येतं, पण खिळे विस्कटले तर जुळारी एकेक अक्षर उचलून खणाखणांत परत लावत बसतो. फोडणाऱ्यांना हे ठाऊक असे. म्हणून ते नुसतं यंत्र मोडून थांबत नसत, खिळ्यांचे खणही उपडे करत.

लव्हजॉय सेंट लुइसमध्ये आला तो शाळामास्तर म्हणून. मग ‘सेंट लुइस टाइम्स’ या राजकीय पत्रात भागीदार-संपादक झाला. त्या काळात त्याच्या छापखान्यात भाड्याने दिलेला एक गुलाम पोरगा राबत होता, विल्यम वेल्स ब्राउन. म्हणजे पुढे गुलामगिरीपायी जीव देणारा संपादक तेव्हा एका गुलामाच्या मालकाला मजुरी मोजत होता. ब्राउनने पुढे १८४७ मध्ये आत्मकथा लिहिली. तिच्यात एक प्रसंग आहे. दुसऱ्या पत्राच्या कचेरीतून जुळवलेल्या खिळ्यांचा जड फर्मा हातात घेऊन तो येत होता, तोच गुलाममालकांच्या पोरांनी त्याच्यावर बर्फाचे गोळे मारले. फर्मा हातात असल्याने पळता येईना. त्याने तो खाली ठेवला आणि मारामारी केली. पुढे तो पळून उत्तरेत गेला आणि आफ्रिकन-अमेरिकन लेखकाची पहिली समजली जाणारी कादंबरी त्याच्या हातून झाली. लव्हजॉय मालक म्हणून चांगला होता, थोडंफार शिकलो ते तिथेच, असं ब्राउनने नोंदवून ठेवलं आहे.

१८३२ मध्ये लव्हजॉयवर धर्मजागृतीचा मोठा परिणाम झाला. तो प्रिन्स्टनला, न्यू जर्सीच्या, जाऊन पाद्री होऊन परतला, आणि २२ नोव्हेंबर १८३३ ला ‘सेंट लुइस ऑब्झर्व्हर’चा पहिला अंक निघाला. आपलं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ चं, म्हणजे जेमतेम दोन वर्षं आधीचं. सुरुवातीला पत्र धार्मिक होतं, गुलामगिरीवरचं धोरणही हळूहळू मुक्ती व्हावी इतकंच. ते टोकदार होत गेलं ते घटनांनी.

दुपारी जुन्या कोर्टाची घुमटाची इमारत पाहावी. लव्हजॉय गेल्यानंतर, १८३९ मध्ये तिचं काम सुरू झालं. ड्रेड स्कॉट हा गुलाम आणि त्याची बायको हॅरिएट यांचे, मालकाने मुक्त प्रदेशात नेलं म्हणून आपण मुक्त झालो असं सांगणारे, स्वातंत्र्याचे खटले १८४७ आणि १८५० साली इथे चालले. तिथून दोन-तीन चौक पश्चिमेला, सातव्या आणि चेस्टनट रस्त्यांच्या परिसरात, तेव्हा गावाची हद्द संपत असे. २८ एप्रिल १८३६ ला फ्रान्सिस मॅकिन्टॉश या बोटीवरच्या स्वतंत्र मिश्रवंशी कामगाराला जमावाने तुरुंगातून ओढून इथे आणलं, झाडाला साखळीने बांधलं आणि जिवंत जाळलं. अटकेच्या वेळी त्याच्या हातून एक अधिकारी मेला होता. पुढे न्यायाधीश ल्यूक लॉलेस यांनी ज्युरीला सांगितलं, की हे मोजक्या माणसांचं कृत्य असेल तर गुन्हा नोंदवा, जमावाच्या उन्मादातून घडलं असेल तर ते कायद्याच्या कक्षेबाहेरचं आहे. कोणावरच आरोप ठेवला गेला नाही. वर लॉलेस यांनी दोष ‘ऑब्झर्व्हर’सारख्या पत्रांच्या माथी मारला. लव्हजॉयने न्यायाधीशावर सरळ नाव घेऊन लिहिलं. कचेरी फुटली आणि त्याने नदीपलीकडे, गुलामगिरीला बंदी असलेल्या इलिनॉयमध्ये बिऱ्हाड हलवलं.

संध्याकाळी वेळ उरला तर पूल ओलांडून ब्रुकलिन या छोट्या गावातून चक्कर मारावी. काळ्या लोकांनी वसवलेलं हे जुनं गाव आहे आणि त्याचं टपाल ‘लव्हजॉय’ या नावाने येतं. पाहायला फारसं काही नाही. टपाल कचेरीवरची पाटी तेवढी वाचावी. लोकांच्या घरांचे फोटो काढत हिंडू नये.

दुसरा दिवस: सेंट चार्ल्स, मग आल्टन

हा दिवस सेलियाचा. सेलिया अ‍ॅन फ्रेंच सेंट चार्ल्सची. ४ मार्च १८३५ ला लग्न झालं आणि पुढच्या वर्षी एडवर्ड पेसन हा मुलगा.

सेंट लुइसहून पश्चिमेला निघताना फ्रंटेनॅक उपनगरात जुनं देस पेरेस प्रेस्बिटेरियन चर्च लागतं. १८३४ चं, दगडी, अगदी साधं. लव्हजॉय इथे प्रवचनं देत असे. आतून पाहता येईलच असं नाही, पण बाहेरून दहा मिनिटं थांबणं वाया जात नाही. त्याचा आवाज ज्या भिंतींनी ऐकला त्यांतली ही जवळपास शेवटची.

तिथून मिझुरी नदी ओलांडली की सेंट चार्ल्स. मुख्य रस्ता विटांचा, दुकानं नटवलेली; शनिवार-रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही, सकाळी दहाच्या आत पोचावं. १ ऑक्टोबर १८३७ ला, रविवारी, लव्हजॉय इथे प्रवचनासाठी आला होता. रात्री सासूच्या घरी मंडळी होती, मूल आजारी होतं, आणि जमाव जिना चढून वर आला. त्यांनी त्याला ओढायला सुरुवात केली तेव्हा सेलियाने त्याला घट्ट धरून ठेवलं. अडवणाऱ्या माणसाच्या तोंडावर तिने हाताने फटके मारले, आणि मला मारल्याशिवाय याला नेता येणार नाही असं सांगितलं. ती तेव्हा गरोदर होती, प्रकृती तोळामासा. हे सगळं लव्हजॉयने दोन दिवसांनी लिहिलेल्या पत्रात आहे. शेवटी मित्रांच्या आग्रहावरून तो रात्रीच बाहेर पडला आणि मैलभर चालत मेजर जॉर्ज सिब्ली यांच्या घरी गेला.

सिब्लींचं ते ठिकाण म्हणजे आजचं लिंडनवूड विद्यापीठ. मूळचं लाकडी घर राहिलेलं नाही, पण परिसर तोच आहे आणि मुख्य रस्त्यापासूनचं अंतरही. जमत असेल तर चालतच जावं. दिवसाउजेडी, नीट बांधलेल्या पदपथावरूनही तो मैल लांब वाटतो.

दुपारनंतर क्लार्क पुलावरून मिसिसिपी ओलांडून आल्टन. अंतर चाळीस ते पन्नास किलोमीटर. पुलावरून समोर जो गावाचा उतार आणि काठावरचे धान्याचे उंच कोठे दिसतात, ते दृश्य लक्षात ठेवावं, उद्या त्याचा उपयोग होतो.

तिसरा दिवस: आल्टन

याला पूर्ण दिवस द्यावाच. स्मारक पाहून तासाभरात निघणारे पुष्कळ असतात. त्यांना खांब दिसतो, गोष्ट दिसत नाही.

सुरुवात काठावर. वसंतात नदी चढली की काठालगतचे रस्ते बंद होतात. १९९३ आणि २०१९ चे पूर मोठे. एप्रिल-मेमध्ये जाणाऱ्यांनी पाण्याची पातळी आदल्या दिवशी पाहावी.

पहिलं यंत्र इथल्या धक्क्यावर उतरलं ते जुलै १८३६ मध्ये, रविवारी. रविवारी काम करायचं नाही हा लव्हजॉयचा नेम, म्हणून यंत्र तसंच धक्क्यावर राहिलं आणि रात्री कोणीतरी ते पाण्यात ढकललं. दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांची सभा झाली, नव्या यंत्रासाठी पैसे द्यायची तयारी दिसली. तू इथे गुलामगिरीचा विषय काढणार नाहीस असं वचन दिलंस, असं पुढे विरोधक म्हणत राहिले. त्याचं म्हणणं वेगळं होतं: पत्र त्या एकाच विषयाला वाहिलेलं नसेल, पण लिहिण्या-बोलण्याचा हक्क मी सोडलेला नाही. आल्टनच्या भांडणाचं मूळ या एका वाक्याच्या दोन अर्थांत आहे.

‘आल्टन ऑब्झर्व्हर’ ८ सप्टेंबर १८३६ ला सुरू झाला. वर्षभर बरं चाललं. मग १८३७ ची मंदी आली. आल्टनचा व्यापार नदीने दक्षिणेशी बांधलेला, व्यापाऱ्यांना गिऱ्हाईक दुखवायचं नव्हतं. त्यातच जुलैमध्ये लव्हजॉयने राज्यात गुलामगिरीविरोधी संस्था काढायची हाक पत्रातून दिली. २१ ऑगस्टला कचेरी फुटली, यंत्र आणि खिळे दोन्ही गेले. २१ सप्टेंबरला तिसरं यंत्र आलं, वखारीत ठेवलं. पहाऱ्यावरचा शिपाई वेळ संपताच निघून गेला आणि जमावाने यंत्र फोडून नदीत टाकलं. वेष्टनही न निघालेलं यंत्र होतं ते, एक ओळही छापली नव्हती.

चौथ्या यंत्राची जागा म्हणजे गॉडफ्रे आणि गिलमन यांची दगडी वखार. ती विल्यम स्ट्रीटच्या टोकाला, आज जिथे धान्याचे कोठे आहेत त्या बाजूला होती. वखार गेली, खुणेची पाटी आहे. पाटीपाशी उभं राहून आधी नदीकडे आणि मग चढाकडे पाहावं. इमारत लांबट होती, खिडक्या तिच्या दोन टोकांना, लांबीच्या भिंती आंधळ्या. त्या रात्रीचं सगळं या आंधळ्या भिंतीवर ठरलं.

६ नोव्हेंबरच्या रात्री, पहाटे तीनच्या सुमाराला, ‘मिझुरी फुल्टन’ बोटीने यंत्र आलं आणि न बोलता वखारीच्या वरच्या मजल्यावर चढलं. जॅक्सनव्हिलच्या कॉलेजचे प्राचार्य एडवर्ड बीचर त्या रात्री पहाऱ्याला होते. आता सगळं शांत आहे असं समजून ते सकाळी निघून गेले. ७ तारखेला दिवसभर काही झालं नाही. रात्री वीसेक माणसं आत राहिली, गिलमन आणि लव्हजॉय त्यांत होते. दहाच्या सुमाराला जमाव आला. यंत्र द्या, ही मागणी. नकार मिळाल्यावर दगड, मग दोन्हीकडून गोळ्या. जमावातला लायमन बिशप मेला. महापौर जॉन क्रम मध्ये पडले, पण त्यांच्याजवळ बळ नव्हतं.

मग आंधळ्या भिंतीला शिडी लागली आणि छप्पर पेटवायला माणूस चढला. आतून तिथे नेम धरता येईना. शिडी पाडायची तर बाहेर येणंच भाग. एकदा बाहेर येऊन शिडी हटवली गेली. ती पुन्हा लागली तेव्हा लव्हजॉय आणि रॉयल वेलर बाहेर आले, आणि लाकडांच्या ढिगाआड दबा धरलेल्यांनी गोळ्या झाडल्या. लव्हजॉयला पाच लागल्या. तो आत परतला, जिना चढला आणि तिथेच कोसळला. वेलर पायाला जखमी झाला. बाकीच्यांनी यंत्र सोडून दिलं. जमावाने ते खिडकीतून खाली फेकलं, घणाने फोडलं, तुकडे पाण्यात टाकले. त्या भिंतीला एक खिडकी असती तर, असं इथे उभं राहिलं की मनात येतंच.

लव्हजॉयच्या हातात बंदूक होती, हे लपवण्यासारखं नाही. हिंसेच्या पूर्ण विरोधात असलेल्या गॅरिसनला त्याच्या मरणाचं दुःख झालं, पण हत्याराबद्दल खंतही वाटली. जानेवारी १८३८ मध्ये खटले झाले: आधी वखार राखणाऱ्यांवर, मग हल्लेखोरांवर. दोन्हीकडचे सुटले. त्याच्या खुनासाठी कोणालाही शिक्षा झाली नाही.

१९१५ मध्ये नदीतून एका यंत्राची चौकट सापडली. पुष्कळ वर्षं ती इथल्या दैनिकाच्या कचेरीत मांडलेली असे. जागा बदलू शकते, म्हणून गावातल्या पर्यटन केंद्रात विचारूनच जावं. गंजकं लोखंड आहे, पण पहिल्या दिवशी दांडा, पाट, बैठक मनात घोळवलेली असेल तर ते हलायला लागतं.

दुपारी गाडीने अपर आल्टनला, कॉलेज अ‍ॅव्हेन्यूवर. तिथे लव्हजॉयचा सहकारी पाद्री थॅडियस हर्लबट याचं दगडी घर अजून उभं आहे. ऑक्टोबर १८३७ च्या शेवटी इलिनॉयची गुलामगिरीविरोधी संस्था इथे स्थापन झाली. आधीच्या सभेत विरोधकांनी गर्दी करून ठराव आपल्या बाजूने फिरवले होते, म्हणून हे घर. खाजगी जागा आहे, रस्त्यावरूनच पाहावी. समोरच्या बाजूला जगातल्या सर्वांत उंच माणसाचा, रॉबर्ट वॅडलोचा, पूर्णाकृती पुतळा आहे. आठ फूट अकरा इंच. गावात येणारे बहुतेक पर्यटक याच्यासाठी येतात. मुलं बरोबर असतील तर इथे अर्धा तास धरून ठेवावा.

स्मारक संध्याकाळी, उन्हं उतरल्यावर. जुलै-ऑगस्टात दुपारी टेकडीवर सावली नसते आणि हवा दमट असते. सुमारे ११० फूट उंच खांब, वर पंखांची विजयदेवता. १८९७ च्या नोव्हेंबरमध्ये उघडला गेला. खर्चापैकी राज्याने २५,००० डॉलर दिले, लोकांनी ५,०००. खांबाच्या पायाशी त्याचीच वाक्यं कोरली आहेत: मी अमेरिकन नागरिक आहे तोवर वाटेल त्या विषयावर बोलेन, लिहीन, छापीन, आणि त्याबद्दल कायद्याला उत्तर देईन, अशा आशयाची. मागे दगडी अर्धवर्तुळाकार बाक आहे. दोघे दोन टोकांना बसले आणि एकाने भिंतीकडे तोंड करून कुजबुजलं तर दुसऱ्याला स्पष्ट ऐकू येतं. वारा असला तर फसतं.

लव्हजॉय या खांबाखाली नाही, ही गफलत नेहमी होते. ९ नोव्हेंबरला, त्याच्या वाढदिवशी, त्याला घाईने पुरलं. प्रवचन नाही, नुसती प्रार्थना, आणि कबरीवर खूणही नाही. ती जागा लक्षात ठेवली ती खड्डा खणणाऱ्या विल्यम ‘स्कॉच’ जॉन्स्टन या मुक्त काळ्या माणसाने. पुढे थॉमस डिमॉक याने त्याच्याकडून जागा समजून घेऊन दगड बसवला. त्यावर लॅटिनमध्ये कोरलं आहे की इथे लव्हजॉय विसावला आहे, पुरलेल्याला आता तरी छळू नका. दगड स्मारकापासून थोडा आत आहे. फाटक अंधार पडायच्या आत बंद होतं, म्हणून आधी कबर, मग खांब.

चौथा दिवस: जॅक्सनव्हिल आणि स्प्रिंगफील्ड

हा मधला दिवस रस्त्याचा. आल्टनहून जॅक्सनव्हिल ११० किलोमीटरच्या आसपास, मक्याच्या शेतांतून. इलिनॉय कॉलेजात बीचर हॉल पाहावा, राज्यातली कॉलेजासाठी बांधलेली ही सर्वांत जुनी इमारत. एडवर्ड बीचर म्हणजे ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टोवचा भाऊ. आल्टनच्या दंगलीची हकिगत त्याने १८३८ मध्ये पुस्तकरूपाने छापली. त्या सकाळी तो आल्टनला राहिला असता तर कॉलेजला प्राचार्य कदाचित उरला नसता.

तिथून स्प्रिंगफील्ड पाऊण तासावर. लिंकनचं घर, थडगं, संग्रहालय यांत पूर्ण दिवस जाऊ शकतो. लव्हजॉयसाठी आलेल्याने एवढंच लक्षात ठेवावं, की २७ जानेवारी १८३८ ला इथल्या तरुणांच्या सभेत अठ्ठावीस वर्षांच्या लिंकनने जमावशाहीवर भाषण केलं. मॅकिन्टॉशचं त्यात नाव घेतलं. लव्हजॉयचं नाव घेतलं नाही. यंत्रं नदीत फेकणं आणि संपादकांना गोळ्या घालणं एवढाच उल्लेख केला. आल्टनला तीन महिनेही झाले नव्हते, नाव घ्यायची गरज कोणाला होती! लिंकनची सावधगिरी यातून दिसते, हेही खरं. मुक्काम इथेच.

पाचवा दिवस: प्रिन्स्टन, इलिनॉय

उत्तरेकडे साधारण दोनशे किलोमीटर, दोन तास. घर बहुतेक दुपारी उघडतं, म्हणून सकाळी घाई नको.

ओवेन ६ जानेवारी १८११ चा, म्हणजे आपल्या पत्रकार दिनी जन्मलेला. थोरल्या भावाजवळ आल्टनला राहून तो पाद्री व्हायचा अभ्यास करत होता. १८३८ मध्ये तो प्रिन्स्टनच्या चर्चमध्ये आला आणि बटलर डेनहॅम यांच्या घरी राहू लागला. डेनहॅम वारल्यावर १८४३ मध्ये त्याने त्यांच्या विधवेशी, युनिसशी, लग्न केलं. गावाच्या पूर्वेला, पेरू स्ट्रीटवर, पांढऱ्या फळ्यांचं ते घर आज संग्रहालय आहे, शेजारी एक-खोलीची जुनी शाळा.

पळून येणाऱ्या गुलामांचा हा थांबा होता. आत लपण्याची छोटी जागा दाखवतात. पण या घराचं वैशिष्ट्य लपवाछपवीत नाही, उलट्यात आहे. २१ फेब्रुवारी १८५९ ला काँग्रेसमध्ये विरोधकांनी गुलाम पळवल्याचा आरोप केला, तेव्हा ओवेनने भर सभागृहात स्वतःचा पत्ता सांगितला: ओवेन लव्हजॉय इलिनॉयमध्ये प्रिन्स्टनला राहतो, गावाच्या पूर्वेला पाऊण मैलावर, आणि दारी येऊन मागेल त्या प्रत्येक पळपुट्याला मदत करतो. गावाच्या मध्यावरून निघून मोटारीचा आकडा पाहावा. पाऊण मैल म्हणजे १.२ किलोमीटर.

त्याआधी, १८४३ मध्ये, अ‍ॅग्नेस आणि नॅन्सी या दोन स्त्रियांना आसरा दिल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला होता. नॅन्सीचा मालक तिला केंटकीहून मिझुरीला इलिनॉयमार्गे नेत होता. न्यायाधीश कॅटन यांनी ज्युरीला सांगितलं, की मालकाने स्वखुशीने गुलामाला मुक्त राज्यात आणलं तर तो गुलाम मुक्त होतो. ओवेन सुटला. पहिल्या दिवशी सेंट लुइसच्या कोर्टात ड्रेड स्कॉटचा जो मुद्दा पाहिला तो हाच. तिथे तो वरच्या कोर्टांत हरला.

भाऊ सगळे एका विचाराचे राहिले नाहीत. जोसेफ आणि ओवेन यांनी मिळून १८३८ मध्ये एलायजाचं चरित्र काढलं, प्रस्तावना माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांची. तोच जोसेफ १८५९ मध्ये ओवेनला उद्देशून जाहीर पत्र छापतो, आणि त्यात बाजू दक्षिणेची असते. घर दाखवणारे स्वयंसेवक हे आपणहून सांगतीलच असं नाही. विचारलं तर बोलणं रंगतं.

१८६२ मध्ये राष्ट्राच्या नव्या प्रांतांत गुलामगिरीला बंदी घालणारा कायदा झाला, त्यासाठी झटणाऱ्यांत ओवेन होता. गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती पाहायला मात्र तो उरला नाही. २५ मार्च १८६४ ला न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये वारला. ती दुरुस्ती डिसेंबर १८६५ मध्ये मंजूर झाली, आणि आठ वर्षांनी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्या लोकांत ही माणसं येतात. मराठी वाचकाला या घरात परकं वाटू नये ते एवढ्यासाठी.

शेवटी ओकलंड दफनभूमी. ओवेन तिथे आहे. त्याच्या स्मारकासाठी मे १८६४ मध्ये लिंकनने पत्र लिहिलं होतं, आणि त्यात त्याला मित्र म्हटलं होतं.

संध्याकाळची शिकागोची गाडी धरायची तर स्थानक गावाच्या उत्तर टोकाला आहे, घरापासून सामान घेऊन चालण्यासारखं नाही, आणि टॅक्सी आयत्या वेळी मिळत नाही. सकाळीच सांगून ठेवावी. पश्चिमेकडून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या तासन्‌तास उशिरा येतात. शक्यतो राज्यातल्या राज्यात धावणाऱ्या गाडीचंच तिकीट काढावं. पावणेदोन तासांत शिकागो.